पलंगाची ऊबदार बाजू

मी, काचेच्या बरण्यांच्या कारखान्यातली निवृत्त तपासनीस, पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. तशी कोणाची टाप नव्हती, हवं तर माझ्या नणंदेला विचारा.

राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एका लेकीला मिळावी. दुसऱ्या कोणाचा त्यावर हक्क नाही.

बरण्या ठोकून पाहायची माझी लाकडी दांडी नातीला द्यावी. चांगली बरणी गाते, तडकलेली खोकते. ते काम म्हणजे माझा जीव की प्राण. पोटासाठी करते, असं मी चारचौघांत सांगत आले, कारण आईने तसंच सांगायचं असतं. लेकीला मात्र खरं कळू दे, मला तिथे आनंद व्हायचा. ह्यांना तिथलंच भट्टीचं काम जन्मात आवडलं नाही, पण कधी चकार शब्द काढला नाही.

नणंदेला काही देऊ नये. "नोकरीपायी पोरगी वाऱ्यावर सोडली," असं ती सगळीकडे सांगत फिरली. अहो, आम्ही मुद्दाम उलट्या पाळ्या मागून घेतल्या होत्या! घर कारखान्याच्या फाटकासमोरच. भोंगा झाला की हे लेकीला माझ्या कडेवर देऊन आत जायचे. मी घरी येऊन आडवी व्हायचे, तेव्हा पलंगाची त्यांची बाजू अजून ऊबदार असायची. आमचा संसार तो एवढाच.

सुट्टीला दोघंही घरात दिसलो की लेक भोकाड पसरायची, "आज कोण जाणार?" एक आला की दुसऱ्याने जायचंच असतं, अशी तिची समजूत. शेवटी हे चपला घालून जिन्यात जाऊन बसायचे, तेव्हा कुठे ती शांत व्हायची. मला नोकरीचं वाईट वाटत नाही. त्या रडण्याचं वाटतं.

आता पलंगाचं. हे गेले, मागोमाग कारखानाही बंद पडला. तरी भोंग्याच्या वेळेला त्यांची बाजू तापते. लेक म्हणते, "आई, भ्रम आहे तुझा. विकून टाक तो, मला त्या खोलीत पाऊल टाकवत नाही." खालच्या शिंपीणबाईने हात लावून पाहिला आणि झटकन मागे घेतला. "उन्हाने असेल हो," म्हणाली. त्या खोलीला खिडकी नाही.

भीती मलाही वाटते, खोटं कशाला बोलू? पण मी निजते तिथेच, माझ्या बाजूला.

म्हणून शेवटची अट. पलंग विकू नये, मोडू नये. माझ्यामागे लेकीने भोंग्याच्या वेळेला एकदा तरी दोन्ही बाजूंना हात लावून पाहावा. दोन्ही ऊबदार लागल्या तर घाबरू नकोस, बाळा. रडू तर मुळीच नकोस. आता कोणीच जाणार नाही.

सही: लेकीची आई
साक्षीदार: १. तळमजल्यावरची शिंपीणबाई (पलंगाबद्दल विचारू नये म्हणते)
२. भोंगा वाजवणारा जुना दरवान
ठिकाण: राहतं घर, आतली खोली
तारीख: आजचीच, वकिलांनी घालावी. वेळ: भोंग्याची.