चाळीशीला चकवा

२ जून, सोमवार
डोळ्यांच्या योगाचा व्हिडिओ फुकट. मला पडला पातेलंभर दुधाला (तळवे डोळ्यांवर ठेवून बसलो होतो, उतू गेलं) आणि बायकोच्या अबोल्याला. तरी सौदा वाईट नाही. दिवसभर कॉम्प्युटरवर दुकानांचे बोर्ड डिझाइन करायचे म्हणजे डोळे चुरचुरणारच. ही म्हणते, चष्मा लावा. पन्नाशी उलटली, मला चाळीशी लागली नाही. लागणारही नाही.

४ जून
बुबुळं वर-खाली, डावी-उजवी, मग गोल. बुबुळांबरोबर दुकानही फिरलं. गुण येतोय.

५ जून
पापण्यांची उघडझाप काउंटरवरच उरकली. समोर गिऱ्हाईक बाई. तरातरा निघून गेल्या. संध्याकाळी त्यांचे यजमान आले. योग समजून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हते.

९ जून
नव्या हॉस्पिटलचा मोठा बोर्ड मिळाला! हा पसंत पडला तर आतले सगळे आपले. नाहीतर दुकान आवरायचं. छपाईचं मशीन कधीचं धूळ खातंय. डॉक्टरांनी मजकूर हाताने लिहून दिलाय. डॉक्टरी अक्षर! ही म्हणाली, छापण्याआधी मला वाचू द्या. म्हटलं, अक्षरांत हयात गेली माझी. मग आत लेकीला म्हणाली, बाबांना हल्ली अक्षरं दिसत नाहीत, आठवतात. कान शाबूत आहेत माझे.

१० जून
स्क्रीन धूसर. व्हिडिओतले गुरुजी म्हणतातच, सुधारण्याआधी बिघडतं. म्हणजे भलतंच सुधारतंय. प्रूफ जवळून पाहिलं, लांबून पाहिलं. एक चूक नाही. छापून टाकला.

१२ जून, सकाळ
बोर्ड चढला. समोर ही गर्दी! लोक फोटो काढताहेत, एकमेकांना टाळ्या देताहेत. हिला फोन केला, म्हटलं, ये, काम कसं बोलतं बघ.

दुपार
हिने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. मग हळूच कानात म्हणाली, 'रुग्ण भरती चोवीस तास' हवं होतं ना? आपण 'रुग्ण मरती चोवीस तास' लिहिलंय.
शिडी लावून वर गेलो. नाकाला टेकेपर्यंत पाहिलं. मला भच दिसला.
डॉक्टर ओरडले नाहीत. ही जाहिरात आहे की धमकी, एवढंच विचारलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. दोघांनी हात जोडले. डॉक्टरांना माझे दिसले नाहीत, हिचे दिसले.

१४ जून
आतले बोर्ड मिळाले. अट एकच, प्रूफवर सही बायकोची.
माझा चष्मा आला. दोन्ही डोळ्यांना अडीच नंबर.