साहेबांची बुजवलेली खिडकी

पळसदरी,
श्रावण शुद्ध तृतीया, शके १८४८

तीर्थस्वरूप पोशामामांस, जावई गजाचा दंडवत.

इकडे सर्व ठीक. तुमच्या गुडघ्याला निर्गुडीचा शेक चालू असेलच. गोदा रुसून तुमच्याकडे कशेळ्याला आली त्याला दोन महिने झाले. जाताना म्हणाली, "दगड आमी वाहायचं नि ऱ्हायाचं कुडात? मी नाय येत आता."

दगड कुणाचे ते सांगतो. मी ज्यांचा मुकादम, त्या साहेबांचं विलायतेत एका खेड्यात तीनशे वर्षांचं दगडी घर आहे. तस्संच इथं हवं, तसूभर फरक नको, असं बजावून त्यांनी एक फोटो दिला आणि सहा महिन्यांच्या रजेवर गेले. फोटोत एक खिडकी दगडांनी बुजवलेली आणि धुराडं एका अंगाला कललेलं. भिवाजी गवंड्यानं (माणूस हुशार, तसं तो स्वतःच सांगतो) दोन दिवस फोटो पाहून निकाल दिला, की घराला दृष्ट लागू नये म्हणून गोऱ्यांनी मुद्दाम खोट ठेवली आहे. म्हणून आम्ही आधी खिडकी नीट घडवली, मग बुजवली. धुराड्याच्या वेळी भिवाजीनं बांधकाम सरळ धरायचा ओळंबा खुंटीला टांगून ठेवला. वाकडं बांधायला त्याला चार दिवस जास्त लागले. विलायती खोट इकडच्या नजरेला पुरेल की नाही, या शंकेनं दारावर काळी बाहुलीही बांधली.

गोदा गेली त्याच आठवड्यात साहेब परतले. खिडकीपुढे येऊन थांबले. मग म्हणाले, तिकडे एके काळी सरकार खिडक्यांवर कर घेई, तो चुकवायला त्यांच्या पणज्यानं ती बुजवली होती. (हे ऐकून भिवाजीला गोऱ्यांबद्दल पहिल्यांदाच आपलेपणा वाटला.) रागावले नाहीत. पण आषाढ लागला आणि धुराड्यातून पाऊस थेट दिवाणखान्यात उतरू लागला. विलायतेत तो म्हणे हळू पडतो. चौथ्या दिवशी साहेब छत्री घेऊन मागच्या आमच्या खोपीत आले, चुलीपाशी कोरड्यात बसले, आणि उठलेच नाहीत. आता खोपीत ते राहतात आणि दगडी घरात मी. कुडाच्या भिंतीचं ते फार कौतुक करतात.

तुमचा,
गजा

ता. क. गोदाला सांगावं, दगडी घर मिळालं. तिनंच वाहिलेले दगड आहेत.

दुसरी ता. क. येताना तिच्याबरोबर तुमचं मोठं घंगाळ द्यावं. धुराड्याखाली आमचं पातेलं पुरत नाही.

तिसरी ता. क. घंगाळ नसलं तरी चालेल, तिला पाठवा. या घरात बोललं की आवाज भिंतीवरून परत येतो, आणि दर खेपेला माझाच असतो.