रूम नंबर सतरा, बाहेरून कुलूप

सोमवार, ४ ऑगस्ट. स. ९.
वकार क्लासले गेला. बीबी गावचा पोरगा, सेकंड इयरले आहे. जाताना बाहेरून कुलूप लावून गेला, म्हणजे रेक्टरले वाटते रूम रिकामी. आयडिया माझीच. पाच वाजेपर्यंत डिस्टर्ब नाही. असा एकांत कलेक्टरच्या पोराले तरी भेटते का?

पयले ही रूम माझ्याच नावावर होती. दोन वर्षं झाले, एम.ए. सुटलं, नाव कटलं. पोरं मले पॅरासाइट म्हणतात. म्या सांगितलं, सिनियर म्हणा बे.

चपला बाहेर काढायच्या, हा नियमही माझाच. माझ्या चपलेचा अंगठा तुटला. उद्या शिवून आणतो.

मंगळवार, ५.
अभ्यासाचं टाइमटेबल बनवलं, चार रंगात. मग झोप लागली. पाणी कमी प्यायचं ठरवलं, संडास कुलपाच्या बाहेर आहे ना. चप्पल राह्यलीच.

गुरुवार, ७.
गावाहून, धाडहून बाबाचा फोन. शनिवारी येऊन राह्यले. त्यायले वाटते मी अजून एम.ए.लेच आहे. शेजारच्या कोकिळाकाकूले रोज सांगतात, गोकुळ आमचा विद्यापीठात राह्यते. मरून जाईन, पण नाव कटलं हे त्यायले समजू देणार नाही.

प्लॅन पक्का. गेटवर भेटायचं, लायब्ररी दाखवायची, चहा पाजायचा, साडेपाचच्या बसमध्ये बसवून द्यायचं. टेन्शन काऊन घ्यायचं?

शुक्रवार, ८. स. ११:१०.
घात झाला! बाबा आजच आले. जीप भेटली म्हणून रेक्टरले सांगून राह्यले. दाराबाहेरच! मी आत.

रेक्टरनं रजिस्टर पाहून सांगितलं, गोकुळ हिंमतराव दोन वर्षांपासून इथं राह्यत नाही. बाबा म्हणाले, हाव का. बस्स.

११:२५.
रेक्टर गेले. बाबा दारापाशी बसले. मले फोन लावला. लोखंडी कॉटवर फोन खडखड करून राह्यला. त्याच्यावर उशी टाकली, उशीवर मी. ऐकू गेलं नसंन.

१२:१५.
अजून बसले आहेत. मले खोकला येऊन राह्यला. तोंडात टॉवेल कोंबला. आवाज देऊ का? देऊन सांगू काय?

१२:३५.
गेले. वाचलो बे! रेक्टरनं दुसरंच रजिस्टर पाह्यलं, असं फोनवर सांगून देतो. बाबा भोळा माणूस आहे.

सायं. ५:१०.
वकारनं कुलूप उघडलं. कडीले पिशवी लटकून होती. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याचे लाडू. बाबा पिशवीचं तोंड सुतळीनं गच्च बांधून आणतात. आज उघडंच होतं.

सुतळी माझ्या चपलेले होती. अंगठा बांधून, बारीक गाठी मारून, दोन्ही चपला दारासमोर जोडीनं ठेवलेल्या. तासभर बाबा हेच करत बसले होते. दाराच्या पलीकडे मी आहे हे त्यायले माहीत होतं.

लई रडू आलं. बस साडेपाचची, बाबा स्टँडवरच असतीन. चपला घातल्या, निघालो.

५:४०.
जिन्यापर्यंत गेलो. वकार म्हणाला, भाईजान, रेक्टर वर येऊन राह्यले, आत व्हा. मी आत आलो. त्यानं बाहेरून कुलूप लावलं.

बस गेली असंन. अंगठा मजबूत बसला आहे.

उद्यापासून चपला आत ठेवायच्या.