चारही गुलाबी

३ जून, सोमवार
लॅबमध्ये कायम जागा एक, कंत्राटी टेक्निशियन दोन: सीनियर ताई आणि मी. शुक्रवारी परीक्षा. चार स्लाइड, चार अनोळखी जिवाणू, रंगवून ओळखायचे. अल्कोहोलने धुऊनही जांभळा राहिला तर ग्रॅम पॉझिटिव्ह, गुलाबी झाला तर निगेटिव्ह. एवढं शिकायला ताईला सहा वर्षं लागली. जागा माझीच.
आजपासून दिवसाला बाराशे कॅलरी. फार झालं, तेराशे.

४ जून
अल्कोहोल ओतताना ताई मोठ्याने आकडे मोजते. पाढे म्हणणारी पहिलीतली पोर. दहाला थांबते. जास्त ओतलं तर जांभळ्याचाही रंग धुऊन जातो, म्हणाली. ज्यांना नजर नसते त्यांनी मोजावं.

५ जून, दुपारी १.४०
तीस ग्रॅम शेंगदाणे. प्रथिनं. तीस चोक एकशेवीस कॅलरी. ताई म्हणाली, अगं, त्यात निम्मं तेल असतं, तेलाला ग्रॅममागे नऊ धर. न विचारता सल्ले देणं हा तिचा जोडधंदा. आणखी तीस ग्रॅम खाल्ले, तिच्यासमोर.

६ जून
वजन सहाशे ग्रॅम वाढलं. काटा बिघडलाय. आई म्हणाली, काट्याला काय धाड भरलीये, बाबांचं बरोबर दाखवतो. पुरावा कशाला म्हणतात हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नाही.

७ जून, शुक्रवार
परीक्षा झाली. अल्कोहोल ओतता ओतता रात्रीच्या जेवणाच्या कॅलरी मांडल्या. वेळ वाया घालवणं मला जमत नाही. चारही स्लाइड गुलाबी. क्षणभर चमकले. मग परीक्षकाची चाल लक्षात आली: चारही निगेटिव्ह ठेवायचे आणि उमेदवाराला घाबरवायचं. ताईने दोन जांभळे लिहिले. फसली बिचारी.

१० जून
ताईची निवड. माझं कंत्राट महिनाअखेरीस संपतंय. ताई म्हणाली, मनाला लावून घेऊ नकोस गं. हिने माझं सांत्वन करायचं!
अपील केलं. उद्या साहेबांसमोर माझी पद्धत सिद्ध करते. दह्यातले जिवाणू घेईन. ते जांभळे, यावर जगात वाद नाही.

११ जून, सकाळी ११.१५
गुलाबी. दही शिळं होतं.

११.५०
कॅन्टीनमधून ताजं दही मागवलं.

१२.२०
पुन्हा गुलाबी. साहेबांनी मायक्रोस्कोपमधून पाहिलं. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.
अपिलाचा कागद मीच परत मागितला.