आईला नक्की काय दुखतंय

प्रिय दादा,

तीन वर्षांनी माझं अक्षर बघून दचकला असशील. आई बरी आहे. म्हणजे बरी म्हणायची की नाही, तेच मला कळेनासं झालंय.

महिन्यापूर्वी ती बाथरूममध्ये घसरली आणि उजवं मनगट मोडलं. तिचा विसराळूपणा तू गेल्यानंतर फार वाढलाय. पडल्याचं ती दहा मिनिटांत विसरली. रोज प्लास्टरकडे बघून विचारते, "हे कुणी बांधलं गं?" दुखतंय का म्हटलं की नाही म्हणते, पण हात छातीशी धरून बसते आणि कपाळावर आठ्या. चष्म्याच्या दुकानात काचा घासताना माझ्या डोक्यात दिवसभर हेच. शेवटी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मेंदूला दुखणं कळतंय, सांगायचे शब्द हरवलेत. चेहरा बघून गोळी द्या." दिली. आठ्या गेल्या.

पण काही दुपारी तिचे डोळे आपसूक वाहतात, ते गोळीने थांबत नाहीत. त्यावर बाई म्हणाल्या, "घडलेलं पुसलं जातं, त्याचा सल मागे राहू शकतो." मला तुझं ते वाक्य आठवलं. बाबा गेले त्या दिवशी सगळ्यांदेखत तू तिला म्हणालास, "तू वेळेवर दवाखान्यात नेलं असतंस, तर ते असते." मी आडून आडून विचारून पाहिलं. तिला ते आठवत नाही. तू भांडून गेलास हेही नाही. "दादा कामावरून आला का?" एवढंच विचारते. मी मात्र त्यातला शब्दन् शब्द विसरलेले नाही. तिचं दुखणं तीच विसरली असेल, तर मी कुणाच्या वतीने रुसून बसलेय? आणि विसरली नसेल तर? डोकं नुसतं भणभणतं.

गेल्या मंगळवारी वैतागून मी म्हणून गेले, "येतोय तो रविवारी." पाच मिनिटांत ते तिच्या डोक्यातून गेलं, पण संध्याकाळपर्यंत चेहरा खुललेला होता. शेजारच्या काकूंना म्हणाली, "आज काहीतरी चांगलं झालंय. काय ते मात्र विचारू नका." तेव्हापासून मी रोज तीच थाप मारते. मी तुला माफ केलंय का, माहीत नाही. तिने केलंय का, ते आता तिलाही सांगता यायचं नाही. तरी येत्या रविवारी ये. दार मी उघडेन, हसेनच असं नाही. पण तिच्याशी रोज खोटं बोलणं आता मला जमत नाही.

तुझीच,
धाकटी