आधी अभिनंदन, मग कॉफी

१२ मार्च

लेकीच्या चाचणीत दोन रेघा उमटल्या तेव्हा आम्ही नाचलो होतो! गर्भ नव्हताच. गेल्या ऑक्टोबरात हिस्केचा गर्भ पडला, त्याच्या मागे राहिलेल्या वारेच्या पेशींचा कॅन्सर झालाय. तोच गरोदरपणाचा हॉर्मोन सोडतोय. फुप्फुसांत पोचलाय. जास्त धोक्याचा प्रकार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तरी केमोने बहुतेक जणी बऱ्या होतात."

"बहुतेक म्हणजे किती?"

"दहातल्या नऊ."

जावई भिंतीकडे बघत बसला.

१६ मार्च

शेजारची वीत्स्के कुंपणावरून — "फ्राउके, तुझ्या दाउवेचंही असंच सुरू झालं होतं गं."

म्हटलं, "माझ्या नवऱ्याचा कॅन्सर वेगळा, लेकीचा वेगळा. बटाटा आणि डेलियाच्या फुलझाडाचा कंद, दोन्ही मातीतूनच निघतात. म्हणून डेलिया उकडतेस का?"

गेली आत.

माझी शाळा लवकर सुटली, वाचन नाही सुटलं. वाचनालयातलं जाडं पुस्तक पुन्हा पुन्हा वाचतेय. हा रोग औषधाने विरघळतो. दाउवेचा विरघळला नाही, तो गेला. फरक एवढाच — एवढाच!

३० मार्च

ओकाऱ्या. केस गेले. हॉर्मोन अर्ध्यावर.

१९ एप्रिल

हिस्केचा वाढदिवस. जावई येल्मर म्हणाला, "यंदा राहू द्या ना, आई."

का म्हणून? खुर्च्या गोलात मांडल्या, दरवर्षीसारख्या.

वीत्स्के सुतकी चेहऱ्याने आली. "धीर धरा हं." मी केकची बशी मागेच धरली. "वीत्स्के, घरात वाढदिवस आहे. आधी अभिनंदन. तिचं लांबूनच, केमोने पांढऱ्या पेशी कमी आहेत, संसर्ग नको. मग माझं, जावयाचं, बसलेल्या सगळ्यांचं. रीत आहे ती. मग कॉफी."

बिचारी गोलभर हात मिळवत फिरली. हिस्के म्हणाली, "मावशी, टकलाचंही करा!" आणि रुमालच काढला. वीत्स्के हसता हसता रडायला लागली. मी नाही रडले.

८ मे

हॉर्मोन अडलाय. उतरतच नाही. "औषध बदलू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बदला की! पुस्तकात तेही आहे.

येल्मर बाहेर जाऊन सायकलीला लाथा घालून आला. त्याला सूप वाढलं.

२१ जुलै

हॉर्मोन नॉर्मल! खबरदारी म्हणून अजून थोडे डोस. पण नॉर्मल!

येताना गाडी मी चालवत होते, गुणगुणत. हिस्के म्हणाली, "आई, बाबांना माझा कॅन्सर झाला असता, तर आज गाडी त्यांनी चालवली असती."

मी गाडी कडेला घेतली.