जावयाच्या ताटातली मरळ

२ डिसेंबर
ग्रामसभेत ठरलं एकदाचं. पुढच्या वर्षीच्या मंडईच्या जत्रेपर्यंत नदीच्या डोहात कोणी जाळं टाकायचं नाही. उन्हाळ्यात नदी आटली की मासे डोहातच तग धरतात. तिथेच मारले तर बीज राहणार कुठून? सगळ्यात मोठा आवाज माझा. घरी आल्यावर ह्यांनी शांतपणे विचारलं, "अन् जावयाले काय वाढशीन?" आठवड्यावर मंडई, थोरल्या लेकीच्या, वंदनाच्या लग्नानंतरची पहिली. नव्या जावयाला पहिल्या मंडईला आपल्या डोहातली मरळ वाढायची, हा गावचा रिवाज. तावातावाने बोलताना आठवलाच नाही.

९ डिसेंबर
मंडई. घर पाहुण्यांनी भरलेलं. जावईबुवांना (यापुढे जा.बु., इतकं लांब कोण लिहील) वांग्याची भाजी, वडे, खीर. त्यांनी आधी ताट पाहिलं, मग मला.
"मामी, डोह भरून आहे अन् मले वांगे?"
त्यांचं गाव याच नदीवर, आमच्या वरच्या अंगाला. तिथे पाण्यात धानावर फवारायचं औषध टाकून मासे मारतात आणि ते विष वाहत आमच्या डोहात येतं. राहवलं नाही. म्हटलं, "तुमच्या गावानं औषध बंद केलं का मरळ भेटन. नाई त नाई."
चिडून जेवले. भाजी दोनदा घेतली, तेही लिहून ठेवते. मंडईच्या रात्रीच्या नाटकाला मात्र थांबले नाहीत. हे माझ्याशी बोलत नाहीत.

१७ एप्रिल
सकाळी डोहावर पांढरी पोटं. लहान-मोठे सगळे मासे मेलेले. वरून औषध आलं. काठावर बसून रडले, लाज कसली. एवढ्यात कपारीजवळ एक मोठी मरळ श्वास घ्यायला वर आली आणि खाली गेली. आहे, अजून आहे.
वंदनाला फोन केला. ती ऐकून घेत होती, बोलली काहीच नाही.

२६ एप्रिल
बोलली नाही, पण करून बसली. विषाचा मासा माझ्या चुलीवर चढणार नाही, असं सासरी सांगून टाकलं. सासूनेही तिचीच बाजू घेतली. आता शेजारणीही तेच म्हणतात. जा.बु. स्वतः रांधतात आणि करपवतात. लेक माझीच.

३० मे
त्यांच्या ग्रामसभेत औषध बंद!! ठराव मांडला जा.बु.नीच. फोनवर म्हणाले, "मामी, मरळ लक्षात ठेवजा." हे आज स्वतःहून बोलले. चहा मागितला.

२ सप्टेंबर
पाऊस उघडला. डोहाच्या कडेला मरळीची लालसर पिल्लं, गुलाल सांडल्यासारखी. खाली आई राखण करते आहे. अर्धं गाव पाहायला. मी तर दोनदा जाऊन आले.

१२ डिसेंबर
मंडई. ग्रामसभेने आजच्या दिवसापुरता डोह मोकळा केला. पहिल्या जाळ्यातली मरळ जा.बु.च्या ताटात. काटेसुद्धा चोखले.
हात धुता धुता म्हणाले, त्यांच्याही वरच्या गावात अजून औषध चालू आहे. तिथे एक पोरगा आहे, शिकलेला, चांगला. सगळ्यांनी माझ्या धाकटीकडे, पूनमकडे पाहिलं. नर्सिंग शिकते, वडशाला. मानही वर न करता तीच म्हणाली,
"पहिले त्याले औषध बंद कराले सांगा. मग पाहू."
जा.बु. नाटकाला थांबले. पहिल्या रांगेत.

१५ डिसेंबर
वरच्या गावाकडून अजून निरोप नाही. पूनम सुट्टीवर आहे तोवर रोज डोहावर जाऊन पाणी पाहून येते.